विश्लेषण : घरातल्या बाहुल्या पुढे कुणाच्या? राजा केळकर संग्रहालयामागचे आयुष्य काय सांगते?

आयुष्यभर जमवलेल्या बाहुल्या, खेळणी, लाकडी नंदी जमवणाऱ्याच्या मागे टिकतात का? मुले नोकरीसाठी बाहेरगावी, घरात जागा कमी आणि वस्तूंची माहिती फक्त आजीला, अशा घरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच. गडचांदूरसारख्या गावात तो जितका खरा, तितकाच पुण्या-मुंबईतही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांच्यासमोर तो फार मोठ्या आकारात उभा राहिला. हजारो वस्तू जमवल्यावर त्यांनी हयातीतच त्याचे उत्तर शोधले. ते कसे आणि त्यातून सामान्य घरांना काय घेता येईल, याविषयी...

‘राजा’ म्हणजे नेमके कोण?

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाव वाचून अनेकांना हा एखाद्या संस्थानिकाचा खजिना असावा असे वाटते. प्रत्यक्षात यातला ‘राजा’ म्हणजे एक लहान मुलगा. मराठी पद्धतीने वाचले तर ते सरळ मुलाचे पूर्ण नाव आहे : राजा, वडील दिनकर, आडनाव केळकर.

राजा हा केळकर दाम्पत्याचा एकुलता एक मुलगा. तो अवघ्या सात वर्षांचा असताना गेला. आई-वडिलांनी नंतर आपला सारा संग्रह त्याच्या नावाने उभा केला. म्हणून या संग्रहालयातील खेळण्यांच्या आणि बाहुल्यांच्या कपाटांपुढे उभे राहिले की नावाचा अर्थ वेगळा लागतो. ज्या वयात मूल बाहुल्यांशी खेळते, त्याच वयाच्या मुलाच्या नावाने हे घर ओळखले जाते.

दिनकर केळकर कोण होते?

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. साहित्याच्या वर्तुळात ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. पुण्यात त्यांना ओळखले जाई ते मात्र काका केळकर म्हणून आणि जुन्या वस्तू जमवणारा माणूस म्हणून.

१९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. पेशवाई संपून तेव्हा शंभर वर्षे झाली होती. जुने वाडे पडत होते, सरदार घराण्यांची मिळकत विभागली जात होती. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात होती आणि कोरीव दरवाजे जळाऊ लाकूड म्हणून विकले जात होते. सोन्या-चांदीला गिऱ्हाईक होते. लाकडी फणी, अडकित्ता, दिवा, खेळणे यांना नव्हते. काकांनी नेमक्या याच वस्तूंवर लक्ष दिले.

पत्नी कमलाबाई यांची या कामात मोठी साथ होती. घरात येणारी प्रत्येक जुनी वस्तू म्हणजे खर्च आणि अडचण. संसार सांभाळून हे सारे पेलणे एकट्याच्या बळावर शक्य नव्हते. एकट्याच्या हौसेतून उभे राहिलेले संग्रह बहुधा त्या माणसाबरोबरच संपतात. घरच्यांनी आपलासा केलेला संग्रह पुढे जातो. केळकरांच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली.

संग्रहात बाहुल्यांचे स्थान काय?

हा केवळ बाहुल्यांचा संग्रह नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्या वस्तू हाताळतो, त्यांचा तो संग्रह आहे. दिवे आणि समया, अडकित्ते आणि पानाचे डबे, कुलपे, दौती, वज्री, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये, वस्त्रे, शस्त्रे, कोरीव दारे आणि खिडक्या. त्यातच खेळणी, कळसूत्री बाहुल्या, सोंगट्या आणि गंजिफाही आहेत. पैठणच्या चित्रकथी परंपरेतील चित्रे आहेत. चित्रे एकामागून एक दाखवत कथा सांगायची, अशी ती लोककला होती. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून ते येथे पुन्हा उभारले आहेत. स्त्रियांच्या वापरातील वस्तूंसाठी वेगळे दालन आहे.

बाहुली या यादीत बसते ती एका साध्या कारणाने. ती शोभेसाठी नव्हे, वापरण्यासाठी केलेली असते. लहान हातांनी ओढलेली, पाडलेली, पुन्हा रंगवलेली. म्हणूनच जुनी बाहुली सहसा धड राहत नाही. राजघराण्याची तलवार शे-दोनशे वर्षे भिंतीवर टिकते; चिंध्यांची बाहुली दहा वर्षेही टिकत नाही. जी टिकली, ती कुणीतरी मुद्दाम जपली म्हणून टिकली.

या वस्तू घडवणाऱ्या सुतार, तांबट, शिंपी, चितारी यांची नावे बहुतेक वेळा कुठेच नोंदलेली नसतात. ‘अज्ञातवासी’ नावाने लिहिणाऱ्या कवीने अशा अज्ञात हातांचे काम जमवले, हा योग विलक्षण खरा.

घराचे संग्रहालय कसे झाले?

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या सुमारे १५ हजारांवर गेली होती. महाराष्ट्र आणि गुजरातसह देशाच्या अनेक भागांतून त्या आल्या होत्या. १९६१ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काकांचे भारतातील दिव्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. वस्तू जमवण्याबरोबर त्यांची माहिती लिहून ठेवण्याचे कामही होत होते, हे त्यातून दिसते.

१९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. तेव्हा काका ६६ वर्षांचे होते. घरातील संग्रह आणि संग्रहालय यांत मोठा फरक असतो. घरात मालक स्वतः वस्तू दाखवतो, तिची गोष्ट सांगतो. संग्रहालयात प्रत्येक वस्तूला क्रमांक लागतो, नोंदवही लागते, ती कुठून आली आणि कशाची आहे हे लिहावे लागते. मालक समोर नसतानाही वस्तू ओळखता यावी, यासाठी ही सारी व्यवस्था. म्हणजे जमवणाऱ्याच्या मागे काय, या प्रश्नाची तयारी येथूनच सुरू होते.

१९७५ चा निर्णय महत्त्वाचा का?

१९७५ मध्ये काकांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. त्यांच्यापुढचे पर्याय असे मांडता येतात.

पहिला, काहीच न करणे. मग मागे वारसांत वाटणी, थोडी विक्री, थोडी मोडतोड. संग्रह असा विखुरला की त्यातील एकेक वस्तू उरली तरी संग्रह उरत नाही. शंभर अडकित्ते एकत्र असले तर कारागिरीचा इतिहास कळतो. शंभर घरांत एकेक अडकित्ता असला तर कळत नाही.

दुसरा, विकणे. पैसा मिळतो, पण घेणारा चांगले तेवढे निवडतो. कमी किमतीच्या वस्तू मागे राहतात. बाहुल्या आणि खेळणी त्यातच येतात.

तिसरा, एखाद्या न्यासाकडे किंवा शासनाकडे संपूर्ण संग्रह एकत्र देणे. काकांनी हा मार्ग धरला. संग्रह पुण्यातच राहिला आणि मुलाचे नावही राहिले.

वेळही महत्त्वाची ठरली. हस्तांतरणानंतर काका आणखी १५ वर्षे जगले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. देणारा हयात असताना वस्तू दिल्या तर ‘हे काय आहे’ हे विचारायला माणूस असतो. मृत्यूनंतर ट्रंकेतून निघालेल्या वस्तूंबाबत ती सोय नसते.

बाहुल्यांसाठी वेगळी वाट कुणी धरली?

देशातील बाहुल्यांचा सर्वांत परिचित संग्रह दिल्लीत आहे आणि तो उभा करणारा माणूस व्यंगचित्रकार होता. के. शंकर पिल्लई यांचा जन्म १९०२ चा, केरळमधील कायमकुलमचा. तरुणपणी ते मुंबईत आले. तेथील दैनिकांत त्यांची व्यंगचित्रे प्रसिद्ध झाली. पुढे ते दिल्लीला गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ हे साप्ताहिक सुरू केले.

मुलांसाठी त्यांनी घेतलेल्या स्पर्धेच्या निमित्ताने हंगेरीच्या राजदूतांकडून एक बाहुली आली. त्या बाहुलीने शंकर यांना वेड लावले. पुढे परदेशी दौऱ्यांत ते देशोदेशीच्या बाहुल्या आणू लागले. त्यांची प्रदर्शने गावोगावी भरू लागली. अडचण अशी झाली की प्रत्येक प्रदर्शनासाठी बाहुल्या बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. या प्रवासात त्या मोडू लागल्या. प्रेमाने दाखवण्यामुळेच संग्रहाची हानी होत होती. तेव्हा कायमच्या जागेचा विचार पुढे आला.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. सुरुवातीला सुमारे एक हजार बाहुल्या होत्या. पुढे संख्या सहा हजारांपलीकडे गेली. शंकर यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या बालसाहित्य न्यासाच्या इमारतीतच हे संग्रहालय आहे. जोडीला बाहुल्या तयार करण्याची कार्यशाळा आहे. भारतातील विविध प्रांतांच्या वेशातील बाहुल्या तेथे हाताने घडवल्या जातात. शंकर १९८९ मध्ये गेले, पण संग्रहालय सुरू राहिले.

म्हणजे केळकरांनी शासनावर विश्वास टाकला, शंकर यांनी न्यासावर. दोघांनीही संग्रह वारसांच्या मर्जीवर सोडला नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात मार्गारेट वुडबरी स्ट्राँग यांनी आणखी एक गोष्ट केली. बाहुल्या आणि बाहुलीघरांचा त्यांचा संग्रह प्रचंड होता. १९६९ मध्ये त्या गेल्या, तेव्हा संग्रहालयासाठी वस्तूंबरोबर मालमत्ताही त्यांनी मागे ठेवली होती. १९८२ मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी उघडले. वस्तू सांभाळायला पैसा लागतो, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

दिल्यावर प्रश्न सुटतो का?

नाही. केळकर संग्रहालयात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. म्हणजे आठ वस्तूंतील साधारण सात वस्तू पाहणाऱ्याच्या नजरेआड असतात. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत हेच चित्र असते. जागा कमी पडते म्हणून पुण्याजवळ बावधन येथे विस्ताराची योजना पुढे आली. एका माणसाने चाळीस वर्षांत जमवलेले मांडायला एक वाडा पुरत नाही, असा हा पेच आहे.

दुसरा धोका आगीचा. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत जळाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे तेच झाले. मालकी सरकारची असली तरी वायरिंग जुनी असेल आणि आग विझवण्याची सोय नसेल, तर काही तासांत सारे संपते.

तिसरा धोका हळूहळू येतो. कापडाला कसर लागते, लाकडाला वाळवी आणि भुंगा. उन्हाने रंग उडतो. जुने प्लास्टिक चिकट होते. कापडी वस्तूंवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. ट्यूबलाइटने उजळलेल्या घरच्या दिवाणखान्यात याच्या कित्येक पट प्रकाश असतो. खिडकीलगतच्या शोकेसमधील बाहुलीचा फ्रॉक काही वर्षांत फिका पडतो, त्याचे कारण हेच.

गडचांदूरच्या घरांशी याचा संबंध काय?

विदर्भातील घरांत बाहुल्यांचा संग्रह नकळत तयार होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्यासाठी घेतलेला चाकांचा लाकडी नंदी अनेक घरांत आजोबांकडून नातवाकडे येतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात आणि भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी मांडली जाते. भाद्रपदातच महालक्ष्म्या बसतात. त्यांचे मुखवटे, दागिने आणि बाळे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. यांना कुणी संग्रह म्हणत नाही. पण शंभर वर्षांनी कुणाला चंद्रपूर जिल्ह्यातील घर कसे होते हे सांगायचे असेल, तर त्याला याच वस्तू लागतील.

गडचांदूर सिमेंट कारखान्यांमुळे वाढलेले गाव. नोकरीनिमित्त दूरदूरहून आलेली आणि पुढे दूर गेलेली कुटुंबे येथे बरीच आहेत. प्रत्येक बदलीत एखादा खोका मागे राहतो. बहुधा तो खेळण्यांचाच असतो.

हवामानही कठीण. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जूनअखेर हवा ओली होते. लाकूड आधी आकसते, मग फुगते. नंदीच्या पाठीला उभी चीर पडते ती यामुळे. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही अशा वस्तूंसाठी सर्वांत वाईट जागा. घराच्या आतल्या भिंतीचे, जमिनीपासून थोडे उंच कपाट त्यापेक्षा कितीतरी चांगले. दरवर्षी नंदीला ऑइलपेंटचा नवा हात देण्याची प्रथा आहे. पण जुना रंग खरवडून काढला की मूळ कारागिराचे काम कायमचे जाते. कापडी बाहुली धुण्यापेक्षा मऊ ब्रशने झटकावी. डांबराच्या गोळ्या थेट वस्तूला लागतील अशा ठेवू नयेत.

कायद्याचे काय?

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात असलेल्या मुलाला आजोबांचा जुना नंदी पाठवण्यापूर्वी त्याचे वय पाहिलेले बरे.

वस्तू हयातीत भेट द्यायची असेल तर जंगम वस्तू प्रत्यक्ष हाती सोपवूनही भेट पूर्ण होते. संग्रहालयाला देताना मात्र यादी आणि पोच लेखी घ्यावी. मागे कुणाला द्यायचे हे ठरवायचे असेल तर मृत्युपत्र. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. ‘घरातील सामान’ या एका शब्दात संग्रह गुंडाळू नये, तो स्वतंत्रपणे लिहावा.

संग्रहालये आलेली प्रत्येक वस्तू स्वीकारत नाहीत. त्यांच्याकडे जागा मर्यादित असते. कायम मांडूनच ठेवा, अशा अटी घातल्या तर नकार मिळण्याची शक्यता वाढते. विदर्भात नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ पासून आहे. मोठ्या संग्रहालयाला रस नसेल तर गावातील शाळा किंवा वाचनालयही एक पर्याय असतो. मात्र तेथे वस्तूची जबाबदारी कुणा एकाकडे हवी.

सुरुवात कुठून करावी?

केळकरांसारखा वाडा, वीस हजार वस्तू किंवा शासनाशी करार कुणाकडे नसेल. पण त्यांनी केलेल्या तीन गोष्टी कुणालाही करता येतात. संग्रह फुटू न देणे, त्याची माहिती लिहून ठेवणे आणि आपण हयात असतानाच पुढचा धनी ठरवणे.

यातली दुसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त राहून जाते ती हीच. मोबाइलवर प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून आणि तळाकडून असे तीन फोटो. सोबत चार ओळी : ही कुणी घेतली, कुठून, साधारण कोणत्या वर्षी, घरात तिला काय म्हणतात. आजीला विचारून, तिच्याच शब्दांत. ही यादी एकाच फोनमध्ये न ठेवता कुटुंबातील दोघा-तिघांकडे द्यावी आणि एक प्रत कागदावर काढून वस्तूंजवळच ठेवावी. फोन बदलतात, पासवर्ड विसरतात. कागद खोक्यात सापडतो.

बाहुलीचे नाव आणि ती कुणाची होती हे माहीत असेल तर ती टाकताना हात अडखळतो. ते माहीत नसेल तर ती भंगारवाल्याच्या गाडीत जाते. शुक्रवार पेठेतील एका सात वर्षांच्या मुलाचे नाव इतक्या वर्षांनंतरही लोक घेतात, कारण त्याच्या आई-वडिलांनी ते वस्तूंशी जोडून ठेवले.